गोदी कामगाराचा मुलगा नाणेनिधीत
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण वेरूळकर. लेणी पाहायला सारं जग इथे येतं, पण लेण्यांच्या कामाला पैसा कुठून आला हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक आहे. जानेवारी १९९२ मध्ये अजिंठा-वेरूळ प्रकल्पासाठी जपानच्या सरकारी संस्थेने सुमारे ३७४ कोटी येन दिले. २००३ साली दुसऱ्या टप्प्याला आणखी ७३३ कोटी. लेण्यांची डागडुजी, झाडं, रस्ते, पाणी, तेव्हाच्या औरंगाबादचा विमानतळ, पुढे इथलं अभ्यागत केंद्र, हे त्यातून झालं. देणगी नव्हे बरं का. कर्ज.

विहारात रविवारी आम्ही मुलांचा गणिताचा वर्ग घेतो. तिथे हे सांगितलं तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, अशी कर्जं ठरतात तिथं आपलं कुणी असतं का?" आजचं आमचं बोलणं त्या प्रश्नापायी आहे.

देशादेशांच्या कर्जव्यवहारात दोन संस्थांचा दबदबा मोठा: जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. दोन्हींची कल्पना १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत पक्की झाली. भारताच्या वतीने तिथे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. म्हणजे मराठी माणूस पहिल्या दिवसापासून होताच. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. त्याच महाडात १९२७ साली तळ्याच्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. देशमुखांना आम्ही दोष देत नाही, मोठे विद्वान होते ते. पण मुलीने विचारलेलं "आपलं" निराळं, हे तुम्हालाही कळतं.

तर आपलं कोण? डॉ. नरेंद्र जाधव.

मूळ गाव नाशिक जिल्ह्यातलं ओझर. वडील दामोदर, मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार, बाबासाहेबांच्या चळवळीतला माणूस. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरतं. वडाळ्याच्या कामगार वस्तीत १९५३ साली नरेंद्र जन्मले, भावंडांत धाकटे. थोरले बंधू प्रशासकीय सेवेत गेले. नरेंद्रांनी आधी संख्याशास्त्र घेतलं, मग अर्थशास्त्र, आणि १९८६ साली अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. संख्याशास्त्र हा शब्द पालकांनी जरा ध्यानात ठेवावा. आपल्याकडे मुलगा गणितात कच्चा निघाला की "आपल्याला काय करायचंय गणित" म्हणून आपणच त्याला सोडवून घेतो.

रिझर्व्ह बँकेत त्यांची तीसेक वर्षं गेली आणि ते तिथले मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. मधल्या काळात वॉशिंग्टनला नाणेनिधीत भारताच्या कार्यकारी संचालकांचे सल्लागार होते. हे पद काय असतं? नाणेनिधीचं संचालक मंडळ रोजचा कारभार बघतं. आपला संचालक एकट्या भारताचा नसतो, बांगलादेश, श्रीलंका, भूतानचीही बाजू तोच मांडतो. कुठल्या देशाला किती द्यायचं, कोणत्या अटींवर, याची बाडंच्या बाडं टेबलावर येतात, ती वाचून संचालकाला सावध करायचं ते सल्लागाराने. देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली की काय होतं ते आपण १९९१ साली पाहिलं, सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलं होतं. पुढे इथिओपिया आणि अफगाणिस्तान या देशांनाही मध्यवर्ती बँकेच्या कामात जाधवांनी सल्ला दिला. मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, २००९ पासून योजना आयोगाचे सदस्य, २०१६ ते २०२२ राज्यसभेत. राज्यसभेवर गेले तेव्हा आपल्यात वाद झाले, ते आम्हीही घातले. त्यांची सगळीच मतं आम्हाला पटतात असं नाही.

पण एक गोष्ट आम्हाला त्या सगळ्या पदांहून मोठी वाटते. निवृत्त झालेल्या बापाच्या हातात या मुलाने वही दिली, आठवणी लिहा म्हणून. म्हाताऱ्याने लिहिल्या. त्यातूनच १९९३ साली 'आमचा बाप आन् आम्ही' आलं, ते परदेशी भाषांतही गेलं. बाप मात्र ते छापलेलं बघायला राहिला नव्हता.

आता लेण्यांच्या कर्जाकडे येऊ. ते नाणेनिधीचं नव्हे, जपानचं खातं वेगळं. पण हिशेबाची विद्या तीच. कर्ज येनमध्ये घेतलं की फेडायचंही येनमध्ये. १९९२ साली एक येन साधारण २० पैशांना होता. २०१२ साली तो ६५ पैशांच्या घरात गेला. येन तेवढेच, रुपये तिप्पट. व्याज कमी म्हणून कर्ज स्वस्त, असं म्हणणाऱ्याला हे विचारायला हवं. रुपयाच्या किमतीचं हे दुखणं बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये छापलेल्या आपल्या प्रबंधात मांडलं होतं. आपल्या विहारात त्यांची तसबीर आहे, तो ग्रंथ नाही. समितीने याची नोंद घ्यावी.

गेल्या रविवारी त्याच मुलीने पुढचं विचारलं, "मग नफा झाला का तोटा? पर्यटक आले त्याचे पैसे धरायचे का नाही?" फळ्यावर आकडे मांडता मांडता तास संपला. वजाबाकी अर्धी राहिली आहे. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता तिथूनच सुरू करू. मोठ्यांनीही यावं, येताना वही आणावी.

जयभीम.