हिंमत : शब्द आणि अर्थ

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)





गेल्या पावसाळ्यात आमच्या काही विद्यार्थ्यांनी पुलावरून भरतीच्या खाडीत उड्या मारल्या. काठावरची मुले ओरडत होती, "काय हिंमत आहे!" त्याच आठवड्यात मी वर्गात कर्मणी प्रयोग शिकविला आणि विचारले, "कोणाला समजले नाही?" एकही हात वर झाला नाही. चाचणीत मात्र निम्मा वर्ग चुकला, आणि त्यात उडी मारणारेही होते. खाडीला न भिणारी मुले "सर, समजले नाही" हे तीन शब्द बोलण्यास भ्याली.

म्हणून आज या शब्दाविषयीच बोलावे असे वाटले. 'हिंमत' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. मूळ 'हिम्मा' म्हणजे मनाचा निश्चय, उच्च आकांक्षा. 'साहस' या शब्दाची गोष्ट याहून निराळी आहे. आज आपण तो कौतुकाने वापरतो. परंतु संस्कृतातील जुन्या धर्मशास्त्रात बळजोरीच्या गुन्ह्याला 'साहस' म्हणत. बेधडक केलेली प्रत्येक गोष्ट चांगलीच असते असे नाही, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते.

मराठीत आणखी एक सुंदर शब्द आहे, 'धीर'. आपल्या 'सब्र'च्या तो फार जवळचा आहे. धाडस करता येते, पण दुसऱ्याला देता येत नाही. धीर मात्र देता येतो. माझ्या मते खऱ्या हिंमतीची कसोटी हीच आहे : तिच्यामुळे दुसऱ्या कोणाला धीर आला काय?

10 सप्टेंबर 1965 रोजी खेमकरणच्या रणांगणावर जीपवरील तोफेने शत्रूचे रणगाडे उडवीत शहीद झालेले परमवीर अब्दुल हमीद आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु रणांगण प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. फातिमा शेख यांच्या वाट्याला आली ती शाळा. 1856 साली आजारपणामुळे नायगावास गेलेल्या सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाची आठवण काढली आहे. आपल्या गैरहजेरीत तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यात आहे. मुलींना शिकविणे हाच जेव्हा अपराध समजला जाई, तेव्हा रोजचे काम निमूटपणे चालू ठेवणे, ही केवढी हिंमत!

आता आपल्या गावाकडे येतो. एका मुलीने सातवी चांगल्या गुणांनी पास केली. पुढची शाळा दूर, एस.टी.चा प्रवास. वडील म्हणाले, "मास्तर, पोरगी हुशार आहे, मला कळते. पण लोक काय म्हणतील?" मी फार काही बोललो नाही. पंधरा दिवसांनी ते स्वतः दाखला न्यायला आले. म्हणाले, "भीती गेली नाही, पण पोरीचे वर्ष जाईल." त्या वर्षी मोहल्ल्यातून ती एकटीच एस.टी.त बसली. दुसऱ्या वर्षी तिच्यासोबत आणखी दोघी होत्या. त्या दोघींच्या पालकांना धीर माझ्या भाषणाने आला नाही, त्या वडिलांमुळे आला.

पालकांनो, मूल नापास झाले तर त्याला मारू नका, धीर द्या. मुलीचे नाव शाळेतून काढण्यापूर्वी एकदा त्या वडिलांची आठवण करा. विद्यार्थ्यांनो, खाडीत जरूर पोहा, पण भरती-ओहोटी पाहून. आणि उद्या वर्गात समजले नाही तर हात वर करा. तुमचा एक हात वर झाला की मागच्या बाकावरचे चार हात आपोआप वर येतील.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवितो. खुदा हाफिज. जय हिंद!