न जुंपलेला बैल



मी सातवीपर्यंत शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे आजोळ जुन्नर तालुक्यातले. यात्रेला घाटात बैलगाडा शर्यत भरे. चार बैलांचा गाडा, पुढे घोडीवरचा स्वार, आणि सेकंदांवर नंबर लागे. बायका घाटात जात नसत. आम्ही पोरी लांब बांधावरून बघत असू. पंचक्रोशीत मामांच्या गाड्याचे मोठे नाव होते.

एका वर्षी ऐन वेळी त्यांचा पुढचा बैल लंगडू लागला. “जुंपा, एवढ्याने काय होते?” असे सगळे म्हणाले. मामा म्हणाले, “मुक्या जिवाला नाही म्हणता येत नाही, ते मी म्हणतो.” लोक हसले. मामा बैल घेऊन पायी घरी आले. मामींनी पुरणपोळीचा पहिला घास त्या बैलाला दिला.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. पुढे राज्याने नियम घालून कायदा केला, तो न्यायालयाने २०२३ साली मान्य केला. आता माझा मुलगा हौसेने घाटात जातो. मी त्याला मामांचे जिंकलेले नंबर सांगत नाही; तो न जुंपलेला बैल सांगते.