सिग्नल आणि सेमाफोर



दिल्लीहून पूर्वेस निघालेली आगगाडी यमुना ओलांडून थोड्याच वेळात गाझियाबाद जंक्शनला येते. तेथून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनपर्यंतचा ७६२ किलोमीटरचा मार्ग २०२३ साली पूर्णपणे स्वयंचलित सिग्नलखाली आला. या मार्गाचे लहान लहान खंड पाडलेले आहेत. एका खंडात गाडी शिरली की तिच्या पाठीमागचा सिग्नल आपोआप लाल होतो. दोन गाड्यांच्या चालकांमधला निरोप असा सिग्नलच पोहोचवतो.

संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. चालू प्रोग्रॅमला ‘प्रक्रिया’ म्हणतात. प्रत्येक प्रक्रियेची मेमरी स्वतंत्र असते. शेजारणीच्या घरात डोकावण्यास सक्त मनाई! निरोप द्यायचा तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे रीतसर विनंती करावी लागते, तिला ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. ‘पाइप’ हा त्यांतलाच एक. एकीने या टोकाला ओतलेली माहिती दुसरी त्या टोकाला घेते. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ही सोय युनिक्समध्ये केली.

माहितीचा ऐवज मोठा असेल तर दोघींना सामायिक मेमरी मागता येते. परंतु अपघाताचे भय तेथेच. गाडीतील शेवटचे आसन रिकामे असल्याची नोंद दोघींनी एकाच क्षणी वाचली, तर ते दोन प्रवाशांना विकले जाईल. यावर उपाय म्हणून डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात ‘सेमाफोर’ योजला. नाव रेल्वेच्या जुन्या, हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलचेच. आत कोणी असेल तर बाहेरच्याने थांबावे, बाहेर पडणाऱ्याने मार्ग मोकळा झाल्याची वर्दी द्यावी.

मात्र या थांबण्यातही घोटाळा होतो. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक वारंवार बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणारे कमी महत्त्वाचे काम निरोपाच्या पाइपचे कुलूप अडवून बसे, मध्यम महत्त्वाची कामे त्याला मागे सारीत, आणि अधिक महत्त्वाचे काम बाहेर ताटकळत राही. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिरूपावर दोष शोधला आणि यानाला दुरुस्ती पाठवली: कुलूप ज्याच्यापाशी असेल त्याला, खोळंबलेल्या कामाइतकेच महत्त्व तेवढ्यापुरते द्यावे.

गाझियाबादच्या मार्गावरही, पुढे मालगाडी अडकून पडली असेल आणि मागे राजधानी उभी असेल, तर आधी मालगाडीच पुढे काढावी लागते.