नकाशातली कोरी जागा
(वनहक्क शिबिरातील भाषण)



दाव्याचं काम करताना एक वाक्य आपण वारंवार ऐकतो: "नकाशात तर इथं नुसतं जंगल आहे." म्हणून आज नकाशाबद्दल बोलायचं आहे.

ब्राझील देशात शिंगू नदीच्या वरच्या अंगाला कुईकुरू आदिवासी राहतात. ॲमेझॉनचं रान म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, असं पुष्कळ शिकलेले लोक समजत होते. जुन्या वस्त्यांचा शोध घेणारे संशोधक तिथं आले आणि कुईकुरूंच्या सोबतीनं रान फिरले. बुजलेले खंदक, जुन्या रस्त्यांच्या कडेचे मातीचे बांध, खापरं मिळाली. जीपीएस यंत्रानं जागा नोंदवल्या आणि नकाशावर मांडल्या. तेव्हा दिसलं, की साधारण १२०० ते १६०० या काळात तिथं मोठी गावं होती, रुंद रस्त्यांनी जोडलेली. हे २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. लेखकांत दोन कुईकुरू माणसांचीही नावं आहेत.

आता कोणी म्हणेल, बिंदू काय, कुठेही पडतात. त्याचं उत्तर हिशोबानं देतात. मूठभर दाणे नकाशावर फेका. किती दाणे नदीजवळ पडले ते मोजा. संगणक असे दाणे हजार वेळा फेकतो. खऱ्या वस्त्या जवळजवळ प्रत्येक फेकीपेक्षा नदीजवळ जास्त निघाल्या, तर तो योगायोग नाही. तिथं काहीतरी कारण आहे.

पण यात फसगत होऊ शकते. फक्त रस्त्यालगत शोधलं आणि डोंगर सोडला, तर वस्त्या रस्त्यालगतच दिसणार. डोंगर कोरा राहतो, कारण तिथं कोणी गेलंच नाही. म्हणून चांगला संशोधक आपण कुठे कुठे फिरलो तेही नकाशावर लिहितो. फिरून सापडलं नाही ही एक गोष्ट, फिरलोच नाही ही दुसरी.

उपग्रहाच्या चित्राचंही तसंच आहे. झाडाखालची विहीर, पूर्वजांचे दगड, वाघदेव त्यात दिसत नाहीत. कायद्यालाही हे मान्य आहे. वनहक्क नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनं लिहिलं आहे, की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या बदली नाही. नियम १३ प्रमाणे विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं हा जुनेपणाचा पुरावा आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. एकाहून जास्त पुरावे मात्र पाहिजेत.

तर वनहक्क समितीनं एवढं करावं:

१. म्हाताऱ्या माणसांना पुढे घालून शिवेपासून शिवेपर्यंत फिरा. बायांना सोबत घ्या. पाण्याच्या आणि कंदमुळांच्या जागा त्यांना ठाऊक असतात.

२. प्रत्येक जागेचा बिंदू घ्या. दाट झाडीत यंत्र काही मीटर चुकतं, म्हणून थोडं थांबून घ्या. जागेचं आपल्या बोलीतलं नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा.

३. कुठला भाग फिरायचा राहिला तेही लिहा. नाहीतर आपलीच कोरी जागा उद्या आपल्याविरुद्ध दाखवतील.

४. देवाची कुठली जागा नकाशात दाखवायची आणि कुठली नाही, ते ग्रामसभेनं ठरवावं. एकदा बाहेर गेलेला बिंदू परत येत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं आपली यादी घेऊन यावं.

जिंदाबाद!