घरातला नास्तिक

(डोंबिवली येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



गेल्या वर्षी कल्याणला उपनिषदांवर बोलण्याचा योग आला होता. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यांतली एक मी वाचली आणि उत्तर न देताच खिशात ठेवली. एका मातेने लिहिले होते : ‘मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी नास्तिक आहे, असे तो म्हणतो. घरात रोज वाद होतात. सासूबाई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या आहेत. आम्ही काय करावे?’ वेळ संपली, असे कारण मी तेव्हा संयोजकांना दिले. खरे कारण निराळे होते. त्याकडे मी शेवटी येईन. आज मात्र त्या चिठ्ठीचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

आपल्या घरांतून अशा मुलाविषयी जे बोलले जाते ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘पोरगा वाया गेला.’ ‘दोन पुस्तके वाचली आणि शिंगे फुटली.’ ‘कुणीतरी कम्युनिस्ट भेटला असेल.’ आणि सर्वांत लाडके वाक्य म्हणजे, ‘संकट येऊ दे, मग आठवेल देव.’ या शेवटच्या वाक्याकडे जरा नीट पाहा. आपल्याच मुलावर संकट यावे, अशी इच्छा त्यात दडलेली आहे. एरवी मुलाला साधी ठेच लागली तरी हळहळणारी आई हे वाक्य सहज बोलून जाते. आपली बाजू खरी ठरावी यासाठी आपण काय मागतो आहोत, हे तिच्या ध्यानातही येत नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. देव न मानणाऱ्याला आपण सरसकट नास्तिक म्हणतो. पाणिनीने हा शब्द व्युत्पादिला. भाष्यकारांनी त्याचा अर्थ परलोक न मानणारा असा लावला. मनुस्मृतीने वेदनिंदकाला नास्तिक ठरविले. या दोन्ही व्याख्यांत ईश्वराचा उल्लेख नाही! म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे पूर्वमीमांसक आस्तिक दर्शनकारांत बसतात, आणि निरीश्वर सांख्यही त्याच पंक्तीत असतात. शिवाय ‘देव नाही’ म्हणणारा आणि ‘देव आहे की नाही हे मनुष्याला कळू शकत नाही’ म्हणणारा, हे दोघे एक नव्हेत. दुसऱ्याला अज्ञेयवादी म्हणतात. इंग्रजीत या अर्थाचा शब्द थॉमस हक्सले या शास्त्रज्ञाने १८६९मध्ये घडविला. चिठ्ठीतला तो मुलगा या दोहोंपैकी कोण आहे, हे त्याच्या घरात कुणी त्याला विचारले असेल का? मला शंका आहे.

आता आपल्याच घरातील एका थोर पुरुषाकडे वळू. ज्यांची प्रतिमा आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आहे, त्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ईश्वरविषयक विचार आपण किती जणांनी मुळातून वाचले आहेत? ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ हा त्यांचा निबंध वाचावा. विश्वाच्या मुळाशी असलेली शक्ती माणसाच्या नवसासायासांनी प्रसन्न होते किंवा रागावते, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. पत्नी माई यांचे १९६३मध्ये निधन झाले, तेव्हा धार्मिक अंत्यविधी करण्यास त्यांनी नकार दिला. स्वतःचा देह विद्युत्दाहिनीत द्यावा, विधी करू नयेत, असे त्यांनी लिहून ठेवले होते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आणि याच सावरकरांच्या प्रेरणेने रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी पतितपावन मंदिर उभारले. १९३१च्या फेब्रुवारीत ते सर्व हिंदूंना खुले झाले. जातीचा विचार न करता गाभाऱ्यापर्यंत प्रवेश मिळाला. स्वतः कर्मकांडात न रमणारा माणूस इतरांना देवापर्यंत पोहोचता यावे म्हणून वर्षानुवर्षे झटला. त्या काळी नित्यनेमाने पूजाअर्चा करणारे कितीतरी आस्तिक त्याच मंदिराच्या विरोधात होते, हेही विसरता येत नाही.

आपण सावरकरांची जयंती करतो; पण ही बाजू आली की विषय बदलतो. ‘ते मोठे होते, त्यांची गोष्ट वेगळी,’ असे म्हणतो. का वेगळी? मोठ्या माणसाला जे शोभते ते आपल्या मुलाने केले तर तो एकदम वाया गेला कसा?

आगरकरांच्या बाबतीत पुण्याने काय केले ते आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांची प्रेतयात्रा ते हयात असताना काढण्यात आली. १८८८मध्ये ‘सुधारक’ काढणारा हा अज्ञेयवादी माणूस अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५मध्ये गेला. लठ्ठ पगार सोडून दारिद्र्य पत्करणारा, शब्दाला जागणारा. प्रेतयात्रा काढणाऱ्यांपैकी कुणाचे नाव आज कुणाला आठवत नाही. ती सर्व मंडळी देव मानणारी होती, एवढे मात्र नक्की.

आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो की, आमच्या परंपरेत चार्वाकालाही स्थान आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवातच चार्वाकदर्शनाने होते, हे खरे आहे. रामायणात जाबाली प्रत्यक्ष प्रभू रामचंद्रांपुढे परलोक नाही, असे बोलतो, हेही खरे. पण प्रामाणिकपणे पुढचेही सांगायला हवे. रामचंद्र त्यावर संतापले आणि त्यांनी कठोर शब्द वापरले. वसिष्ठांना मध्ये पडून समजूत घालावी लागली. महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचा राक्षस येतो, तो ब्राह्मणांच्या हुंकाराने दग्ध होतो. म्हणजे परंपरेत दोन्ही आहे. त्यांपैकी काय उचलायचे, हे आपल्याला ठरवावे लागते. परदेशी पाहुण्यांपुढे माधवाचार्य आणि घरात हुंकार, असे चालणार नाही.

मला स्वतःला यात दहाव्या शतकातील मिथिलेचे उदयनाचार्य सर्वांत जवळचे वाटतात. ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करण्यासाठी त्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ लिहिला. सांख्य, मीमांसक, बौद्ध, चार्वाक अशा सर्व प्रतिपक्षांशी त्यांनी झुंज घेतली. प्रत्येकाचा आक्षेप आधी नीट मांडला, मग खोडला. पूर्वपक्ष म्हणतात तो हाच. आणि ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी ईश्वराची प्रार्थना केली, ती कुणासाठी? जे या सर्व युक्तिवादांनीही विरघळले नाहीत त्यांच्यासाठी! तिचा आशय असा की, हे दयाळा, हे तुझ्या विरोधात का होईना, पण तुझेच चिंतन उत्कटतेने करीत आहेत. योग्य वेळी तूच यांना कृपेने तारून ने. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याविषयी आचार्यांची ही भावना होती. संकट येऊ दे, असे ते म्हणाले नाहीत.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तो मुलाकडून बोलतो असे तुम्हाला वाटेल. आपण देवघरात निरांजन लावले की मेंदू गहाण पडला, असे समजणारे विवेकवादीही भेटतात. आजीच्या श्रद्धेची चारचौघांत टर उडविणे हे काही विज्ञाननिष्ठेचे लक्षण नव्हे. मुलाला हे सांगण्याचा घरच्यांना पूर्ण अधिकार आहे. मात्र आधी त्याचे ऐकून घेतले असेल तरच त्या सांगण्याला वजन येईल.

शब्द शब्दच राहत नाहीत, याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतला आहे. ४ जून २००८ रोजी ठाण्यात गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट झाला, माणसे जखमी झाली. तिथे लागलेल्या एका नाटकात देवतांची टवाळी आहे, असा राग त्यामागे होता. २०११मध्ये न्यायालयाने दोघांना दोषी ठरविले. पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची सकाळी फिरायला गेले असता हत्या झाली. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. दाभोलकरांशी माझे तीव्र मतभेद होते. त्यांच्या कायद्याच्या मसुद्यावर मी जाहीरपणे टीका केली आहे. परंतु ती बातमी आली त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर ‘बरे झाले’ असे एक गृहस्थ म्हणाले. आम्ही पाच-सहा जण होतो. सर्व श्रद्धावान, सर्व सुशिक्षित. कुणी त्यांना अडविले नाही. मीही नाही.

आता ती चिठ्ठी मी खिशात का ठेवली ते सांगतो. माझे एक मामा कल्याणला असतात. शिक्षक होते. तरुणपणापासून देव न मानणारे. पण आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असे, तेव्हा टाळ त्यांच्या हाती. आरत्या सगळ्या पाठ. मी एकदा विचारले, तर म्हणाले, ‘अरे, देव नसला तरी चाल चांगली आहे ना!’ आजीला पक्षाघात झाला. अडीच वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. तिला आंघोळ घालणे, कूस बदलणे, सारे मामांनी आणि मामींनी केले. आम्ही बाकीचे रविवारी फळे घेऊन जात असू.

आजी गेल्यावर, क्रियाकर्म मला करता येणार नाही, तुमच्यापैकी कुणी करावे, असे मामांनी शांतपणे सांगितले. तेराव्याला पंगत उठल्यावर मी चारचौघांत त्यांना म्हणालो, ‘मामा, तुमच्यामुळे आजीला गती मिळायची नाही.’ ते काहीच बोलले नाहीत. चपला घालून निघून गेले. त्यानंतर नऊ वर्षे ते गणपतीला आमच्या घरी आले नाहीत. मीही बोलावले नाही. मी दर चतुर्थीला अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करीत होतो, वेदान्तावर व्याख्याने देत होतो.

तेव्हा त्या मातेला मी काय सांगणार? आज एवढेच सांगतो. ताई, मुलाला आरतीला उभे राहण्याची सक्ती करू नका आणि प्रसादाला बोलवायला विसरू नका. तो काय वाचतो ते तुम्ही वाचा. सावरकरांचा निबंध त्याला द्या. तो चकित होईल, आणि कदाचित सासूबाईही. नोकरी, लग्न, मुंज या प्रसंगी प्रश्न येतील. त्या त्या वेळी बोलून मार्ग काढावा लागेल, त्याचे तयार सूत्र माझ्यापाशी नाही. सासूबाईंशी मात्र तुम्हालाच बोलावे लागेल, आणि ते अवघड आहे. त्यांना वाटते ती भीती खोटी नसते. नातवाचे अकल्याण होईल असे त्यांना मनापासून वाटते.

कल्याणहून ती चिठ्ठी घेऊन परतल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग मामांना फोन केला. तेराव्याचे बोलणे चुकले, असे सांगायचे मनाशी ठरविले होते. तोंडातून निघाले ते एवढेच, की यंदा गणपतीला या. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. ‘बघू,’ असे म्हणाले. चतुर्थीला ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, विसर्जनाला तासभर असताना, मामींचा हात धरून जिना चढताना दिसले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. मी टाळ पुढे केले.