पोतं स्वतःहून गाडी बदलत नाही

तंजावूरहून मराठीत बोलायचं म्हटलं की लोक सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ऐकायच्या तयारीने बसतात. मी आज लॉरी आणि भात यांवर बोलणार आहे.

हेलसिंकीत ‘व्हिम’ नावाचं एक अ‍ॅप होतं. ट्राम, बस, टॅक्सी, सगळं एकाच ठिकाणी, एकाच वर्गणीत. कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, कल्पना मात्र टिकली. मालवाहतुकीतही हेच करू, असं आता म्हणतात. ‘पोर्टर’, ‘ब्लॅकबक’ यांच्यामुळे मोबाइलवर गाडी मिळतेच आहे.

पण माणूस बसमधून उतरून आपल्या पायांनी रेल्वेत चढतो. चाळीस किलोचं पोतं चढत नाही. ट्रॅक्टरमधून सरकारी खरेदी केंद्रावर, तिथून लॉरीत, मग गोदामात नाहीतर मालगाडीत. दर टप्प्याला हमाल लागतो. दहा टनांच्या लॉरीत अडीचशे पोती. हमाल नसले तर लॉरी वेळेवर येऊनही नुसती उभी. म्हणून लॉरीबरोबर हमालांची टोळी आणि गोदामातली जागाही एकाच बुकिंगमध्ये मिळाली पाहिजे. नाहीतर ते अ‍ॅप म्हणजे फक्त मोबाइलमधला दलाल.

आता मोसम बघा. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडायची रीत आहे. त्यावर कुरुवैचं पीक उभं राहतं आणि कापणी येते ती ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर. सगळ्यांना लॉरी एकदमच हवी. टॅक्सीसारखं तेव्हा भाडं चढवलं तर? मुंबईचा प्रवासी चिडून चालत जाईल. इथे भात उघड्यावर पडलेलं असतं, आणि ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की नियमाप्रमाणे ते घेता येत नाही. मग सवलतीसाठी दिल्लीला पत्रं.

‘हवी तेव्हा गाडी’ हे तत्त्व इथे उलटं लावावं लागेल. कुरुवैच्या जाती साधारण चार महिन्यांच्या आतल्या. लावणीची तारीख कळली की कापणीचा आठवडा कळतो. मग लॉरी आधीच ठरवून ठेवायला, भाडं आधीच बांधून घ्यायला हरकत काय?

आणि परतीची फेरी? कुरुवै निघते तेव्हाच सांबाच्या शेतांना खत हवं असतं, तेही मालगाडीने येतं. भात मालधक्क्यावर उतरवलेल्या लॉरीने खत भरून गावच्या सोसायटीत टाकावं, इतकं सोपं आहे. अडतं कुठे, तर भाताचं खातं वेगळं, खताचं वेगळं. दोघांच्या लॉऱ्या एकाच रस्त्याने समोरासमोर जातात, निम्मा रस्ता रिकाम्या.