वीज नेमकी कुठं पडली?



पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 साली याच कुरुंदवाडात जन्मले. लहानपणी चेहऱ्याजवळ फटाका फुटला, दृष्टी अधू झाली आणि पुढं सारा भरवसा कानांवर. अशा गावात आवाजाच्या उगमाविषयी बोलायचं म्हणजे दडपण येतंच. माणसाच्या दोन कानांवर आवाज येण्यात एक हजारांश सेकंदाचाही फरक पडत नाही. तेवढ्यावर आपण दिशा ओळखतो. अंतर सांगताना मात्र चाचपडतो. त्यासाठी तिसरा कान हवा, तोही लांब ठेवलेला. आज इथं ज्या बिनतारी सेन्सर-जाळ्यांवर निबंध वाचले जातील, त्यांचं मूळ एवढंच.

मी एकाच उगमाबद्दल बोलणार आहे : वळवाची वीज. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं विजेनं मरतात. त्यांत शेतात राबणारी फार. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले की वीज एक किलोमीटरवर, हे आपण आठवीत शिकवतो. पण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडचा गडगडाट सहसा ऐकूच येत नाही. वीज मात्र रेडिओलहरीही सोडते. सांगली आकाशवाणी ऐकताना मध्येच होणारी खरखर आठवा. ती खरखर शेकडो किलोमीटर जाते, आणि तिच्यावरच सारा खेळ आहे.

दोन केंद्रांना ती खरखर किती वेळाच्या फरकानं मिळाली हे कळलं, की उगम एका अपास्तावर कुठंतरी आहे एवढं ठरतं. तिसऱ्या केंद्रानं दुसरा अपास्त मिळतो आणि दोन्ही जिथं छेदतात तिथं वीज. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं असंच 80 हून अधिक सेन्सरांचं जाळं देशभर उभं केलं आहे. ‘दामिनी’ अ‍ॅप त्याच्याच आधारावर इशारे देतं.

गणित जुनं आहे. घाम काढतं ते घड्याळ. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. केंद्रं 30 किलोमीटरवर असतील तर त्यांच्या वेळांत जास्तीत जास्त 100 मायक्रोसेकंदांचा फरक पडेल. त्यात घड्याळ दहा मायक्रोसेकंदांनी चुकलं तर अपास्तच दीड किलोमीटरनं सरकतो, तोही केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात. बाहेर चूक वाढत जाते. म्हणून प्रत्येक केंद्रावर जीपीएसचं घड्याळ हवं. संगणकाच्या घड्याळावर विसंबून केलेले विद्यार्थ्यांचे प्रकल्प मी पाहिलेत. नकाशे देखणे होते, ठिपके भलतीकडे.

दुसरी अडचण मांडणीची. उगम केंद्रांच्या कोंडाळ्यात असेल तर ठिपका नेटका बसतो. बाहेर गेला की अपास्त एकमेकांना तिरपे छेदतात आणि ठिपक्याची लांबट पट्टी होते. आपला शिरोळ तालुका महाराष्ट्राच्या कडेला. पलीकडं कर्नाटकात चिक्कोडी, अथणी. ढग काही सीमाप्रश्न पाळत नाही. आपलं स्वतःचं जाळं उभारताना आपण सगळी केंद्रं अलीकडंच ठेवली, तर पलीकडून चालून येणाऱ्या ढगाबद्दल आपलं उत्तर सर्वांत कच्चं असेल. तेव्हा सीमेपलीकडच्या शिक्षकांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या, ही माझी आग्रहाची सूचना.

भूकंपवाले या बाबतीत सुखी. प्राथमिक आणि दुय्यम लहरी पोचण्याच्या वेळांमधल्या फरकावरून एकाच केंद्राला भूकंप किती दूर झाला हे कळतं. फरकाच्या दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर. तरी 11 डिसेंबर 1967 ला मोठा धक्का बसलेल्या कोयनेतही केंद्रांचं जाळं विणावंच लागलं, कारण अंतर कळून दिशा कळत नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि तोच सर्वांत दुबळा. ठिपका पडद्यावर उमटला. ऊस भांगलणाऱ्या बाईपर्यंत तो कसा जाणार? तिचा फोन घरी, नाहीतर बांधावरच्या पिशवीत. 2019 च्या पुरात वीज आणि नेटवर्क गेलं की काय होतं, हे या तालुक्यानं पाहिलं आहे. माझं मत स्पष्ट आहे : इशारा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर गेला पाहिजे, आणि भोंग्याला सौर पॅनेल नि बॅटरी हवी. आपल्या निबंधांत अचूकतेवर दहा पानं आणि या भोंग्यावर एक ओळही नसते.

जयसिंगपूर, खिद्रापूर, कुरुंदवाड आणि सीमेपलीकडची दोन ठिकाणं, एवढ्या केंद्रांवर आपल्या जाळ्याची सुरुवात करू. ठिपके ‘दामिनी’शी ताडून पाहू. सुरुवातीला जुळणार नाहीत. ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. अँटेना मात्र शाळेच्या पत्र्याला आणि मोटारीच्या स्टार्टरला खेटून बसवू नका, नाहीतर गावात कुणी पंप चालू केला की वीज पडल्याची नोंद होईल.